टोपी, सुरमा आणि अजान: आमच्या मुलांनी थ्रिलरचा ट्रेलर बनवला तेव्हा

"टीचर, पिक्चर में तो ऐसाच होता है ना?"

नववीतल्या एका मुलाने मला हा प्रश्न विचारला आणि त्याचं धड उत्तर द्यायला मला दोन आठवडे लागले.

झालं असं, की स्नेहसंमेलनासाठी मुलांना काहीतरी वेगळं करायचं होतं. दरवर्षीची कव्वाली आणि हुंड्यावरचं नाटुकलं, या दोन्हींचा त्यांना कंटाळा आला होता. मोबाईलवर पिक्चर काढू म्हणाले. अख्खा पिक्चर काढायला ना वेळ होता, ना पैसा, ना माझ्यात तेवढी हिंमत. मग ठरलं की नुसता ट्रेलर करायचा, दोन मिनिटांचा. पिक्चर कुठाय असं कुणी विचारलंच तर 'लवकरच' म्हणायचं. कुठल्या प्रकारचा, हे ठरायला अर्धा मिनिटही लागला नाही. थ्रिलर!

गोष्ट त्यांचीच. मोहल्ल्यात एक कुटुंब नव्याने राहायला येतं. त्या घरातल्या मुलीला रोज रात्री तीनच्या सुमारास जाग येते. बाहेर कुणीतरी फिरतंय. काठीचा आवाज, टॉर्चचा झोत, कुत्र्यांचं भुंकणं. पावलं जवळ येतात, दाराची कडी वाजते. कोण आहे हा? अगदी शेवटी कळतं, की रमजानमध्ये लोकांना सहरीसाठी उठवत फिरणारे ते चाचा आहेत. गोष्ट ऐकून मीही हसले. भीती दाखवायची आणि मग ती हसण्यावारी न्यायची, कल्पना छानच होती.

मग त्यांनी पहिला कच्चा कट दाखवला. चाचा झालेल्या मुलाला काळा पठाणी घातला होता, डोक्यावर जाळीची टोपी, डोळ्यांत सुरमा इतका भरला होता की बिचाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तो गल्लीच्या वळणावर येतो तेव्हा मागे अजान सुरू होते आणि त्या अजानवरच धडाम्म करून तो ट्रेलरवाला आवाज. काम करणारी अकराच्या अकरा मुलं मुसलमान. त्यात तीन हाफिज होण्याच्या वाटेवर. रात्री तीनला कुठली अजान असते, एवढी साधी गोष्टही कुणाच्या लक्षात आली नव्हती.

मी विचारलं, "अजान का लावलीत?" त्यावर तो प्रश्न आला. पिक्चर में तो ऐसाच होता है ना?

आता या प्रश्नाला रागावून काय उपयोग? पिक्चरमध्ये खरंच तसं असतं. मुलं खोटं बोलत नव्हती, त्यांनी नीट निरीक्षण केलं होतं. म्हणून मी ठरवलं की आधी ट्रेलर कसा चालतो ते मुलांबरोबर उलगडून बघायचं. जे समजलं ते इथे सांगते. आपल्या वस्त्यांमधली मुलं आता शाळेत, मदरशाच्या जलशात, कॉलेजच्या फेस्टिव्हलमध्ये असे व्हिडिओ करू लागली आहेत. कुणाला तरी कामाला येईल.

ट्रेलरच्या ठरलेल्या चाली

ट्रेलर या शब्दाचा अर्थच मुळी 'मागून येणारा'. 1910 च्या दशकात अमेरिकेत हे तुकडे चित्रपट संपल्यावर दाखवायचे, म्हणून हे नाव पडलं. चित्रपट संपला की लोक उठून जातात हे कळल्यावर तुकडे पुढे आले, नाव मात्र तेच राहिलं.

आम्ही वर्गात आवाज बंद करून सात-आठ थ्रिलरचे ट्रेलर पाहिले. आवाज नसला की सांगाडा दिसतो. पहिला भाग शांत असतो. घर, जेवणाचं टेबल, हसणारं कुटुंब, गाडीतून जाणारा रस्ता. मग काहीतरी बिघडतं: फोन येतो, कुणी बेपत्ता होतं, प्रेत सापडतं. इथून पुढे शॉट लहान लहान होत जातात. सुरुवातीला एक शॉट चार-पाच सेकंद टिकतो, शेवटी एका सेकंदात दोन-तीन येऊन जातात. मध्ये मध्ये पडदा काळा होतो आणि त्यावर दोन-तीन शब्दांची पाटी. मग एकदम सगळं थांबतं, शांतता, एकच वाक्य. नाव येतं. प्रेक्षकाला वाटतं संपलं, तेवढ्यात शेवटचा एक दचका. मुलांनी याला 'जाता जाता चिमटा' असं नाव दिलं आणि आमच्यात तेच रूढ झालं.

मग आवाज लावून पाहिलं. हृदयाचे ठोके, घड्याळाची टिकटिक, ताणत नेलेलं व्हायोलिन आणि तो जड भोंग्यासारखा आवाज. 2010 च्या 'इन्सेप्शन'नंतर तो इतक्या ट्रेलरांत वाजला की आता तो ऐकला तरी पुढे काय येणार हे मूलही सांगतं. हे सगळे म्हणजे प्रेक्षकाशी आधीच ठरलेले इशारे. दरवाजा अर्धा उघडा दिसला की मागे कुणीतरी आहे, हे सांगावं लागत नाही. दोन मिनिटांत गोष्ट सांगायची तर हे इशारे लागतातच, त्यांच्याशिवाय ट्रेलर उभा राहत नाही.

पण थोर लोक हे इशारे वापरतात आणि मोडतातही. हिचकॉकने 'सायको'चा (1960) ट्रेलर केला तो जवळपास साडेसहा मिनिटांचा. त्यात चित्रपटाचे तुकडे जोडलेलेच नाहीत. हिचकॉक स्वतः त्या मोटेलमध्ये फिरतो, गाइड जसा किल्ला दाखवतो तसं घर दाखवतो, इथं असं झालं, तिथं तसं झालं म्हणतो आणि नेमकं महत्त्वाचं गाळतो. शेवटी न्हाणीघराचा पडदा ओढतो, एक बाई किंचाळते. गंमत म्हणजे किंचाळणारी ती बाई चित्रपटातल्या त्या प्रसंगातली नटी जॅनेट ली नव्हेच, दुसरीच, व्हेरा माइल्स. मुलांना हे भलतंच आवडलं. "मतलब ट्रेलर झूठ बोल सकता है?" एकीने विचारलं. हा प्रश्न लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

आपल्याकडेही दाखले आहेत. 'कहानी'त (2012) थ्रिलरचा नायक म्हणजे नवऱ्याला शोधत कोलकात्यात आलेली गरोदर बाई. मराठी दिग्दर्शक निशिकांत कामत यांचा हिंदी 'दृश्यम' (2015) गोव्यात घडतो. खून कुणी केला हे त्यात प्रेक्षकाला आधीच माहीत असतं, केबलवाला विजय साळगावकर आपल्या कुटुंबाला वाचवू शकेल का, ही धाकधूक असते. आणि 'आमिर' (2008). लंडनहून मुंबईत उतरलेला एक साधा मुसलमान डॉक्टर, त्याच्या हातात कुणीतरी फोन देतं आणि सांगितलं तसं कर म्हणतं. थ्रिलरमध्ये मुसलमान माणूस ज्याच्यासाठी आपला जीव खालीवर होतो अशा जागी बसलेला पाहण्याची माझी ती पहिलीच वेळ. तेव्हा मी बीएड करत होते, मैत्रिणींबरोबर गेले होते. त्याआधीच्या किती चित्रपटांत आम्हाला बॉम्ब ठेवणाऱ्याच्या जागी पाहिलं होतं, ते मोजलेलं नाही.

काळोख सगळ्यांचा, टोपी कुणाची?

हे सगळं पाहून झाल्यावर फळ्यावर दोन बाजू केल्या. एका बाजूला असे इशारे ज्यांनी जगात कुणीही घाबरेल: काळोख, पावलांचा आवाज, बंद दार, अर्धा चेहरा, अचानक शांतता. दुसऱ्या बाजूला असे इशारे जे एखाद्या समाजाकडे बोट दाखवून घाबरवतात: टोपी, सुरमा, अजान, उर्दू पाटी, मटणाचं दुकान, पिवळट-हिरवट केलेला मोहल्ला. पहिले इशारे माणसाच्या स्वभावातून येतात. दुसरे शिकवावे लागतात, आणि शिकवले गेले आहेत. ज्या आवाजाने आमची मुलं पहाटे उठतात, डोक्यावर ओढणी घेतात, तोच आवाज भीतीसाठी लावताना त्यांचा हात अडखळला नाही, इतकं ते शिकवणं पक्कं झालं आहे.

याच बैठकीत आमचीही एक खोड उघडी पडली. एका मुलाने सुचवलं, "अजान काढू, त्याच्याऐवजी तारपा लावू. जंगलवाला म्युझिक." बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. डहाणू-तलासरीत राहून! तारपा म्हणजे आमच्या वारली शेजाऱ्यांचं वाद्य. भोपळ्याचं, पीक हाती आलं की ज्याच्याभोवती गोल धरून लोक नाचतात ते. गंजाडच्या जिव्या सोमा म्हशांनी वारली चित्रं जगभर नेली, त्या चित्रांतला तो गोलाकार नाच सगळ्यांनी पाहिलाय. त्यात भीतीचं काय आहे? पण हिंदी पिक्चरमध्ये आदिवासी म्हणजे ढोल, मशाली, नाचत येणारी टोळी. आम्ही आमच्या अंगावरचा डाग पुसून तो शेजाऱ्याच्या अंगाला लावायला निघालो होतो. मी मुलाला काही बोलले नाही. शेजारच्या मराठी शाळेतल्या एका वारली गुरुजींना बोलावलं आणि तारप्याबद्दल बोलायला सांगितलं. ते हसत हसत एवढंच म्हणाले, की आमच्याकडे तारपा ऐकून मुलं घरातून बाहेर पळतात, नाचायला.

शेवट कापला तर?

खरा वाद याच्यापुढे झाला. आमची सगळ्यात हुशार मुलगी उभी राहिली. तिचं म्हणणं: "टीचर, टोपी राहू दे. लोकांना त्याला बघून डर वाटू दे. मग शेवटी कळेल की चाचा तर सहरीला उठवतात, तर त्यांनाच शरम वाटेल की आपण काय विचार केला. हेच तर तोडणं झालं ना?"

मुद्दा तगडा होता. मी निम्मी पटलेच होते. बरेच चांगले दिग्दर्शकही हेच करतात: प्रेक्षकाचा पूर्वग्रह जागवायचा आणि मग त्याचाच आरसा त्याला दाखवायचा. चित्रपटगृहात, दोन तास बसलेल्या प्रेक्षकापुढे हे चालतं.

पण मला एक जुना व्हिडिओ आठवला. कराचीतल्या एका संस्थेने हरवलेल्या मुलांबद्दल लोकांना जागं करण्यासाठी 2016 च्या सुमारास एक छोटी जाहिरात केली होती. गल्लीत मुलं क्रिकेट खेळतायत. मोटरसायकलवर दोघे येतात, मागचा एका मुलाला उचलतो, गाडी निघून जाते. थोड्या वेळाने तेच दोघे परत येतात, मुलाला खाली ठेवतात आणि एक फलक धरतात: मूल पळवायला किती कमी वेळ लागतो, सावध रहा. म्हणजे तोही थ्रिलरच, शेवटी कलाटणी असलेला. 2018 मध्ये भारतात हा व्हिडिओ मोबाईलवर फिरला तेव्हा त्याचा शेवट कुणीतरी कापला होता. फलक गायब. उरलं ते फक्त मूल उचलून नेणं. खाली मजकूर, की अशा टोळ्या आपल्या भागात आल्या आहेत.

त्या वर्षी मुलं पळवणाऱ्यांच्या अफवांनी देशात किती जीव गेले! आपल्या महाराष्ट्रात 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजातले लोक होते ते, पार मंगळवेढ्याकडून आलेले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली.

आणि आपल्या डहाणू तालुक्यातलं गडचिंचले तर कुणाला सांगायला नको. 16 एप्रिल 2020, लॉकडाऊनची रात्र. चोर आणि मुलं पळवणारे फिरतायत अशी आवई त्या भागात आधीपासून उठली होती. सुरतला अंत्यविधीला निघालेले दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर, तिघांना जमावाने मारून टाकलं. कुणाही माणसाला विसरता येऊ नये असा तो प्रकार. पण त्यानंतर काय झालं? त्या रात्रीच्या व्हिडिओत गर्दीतला एक आवाज ऐकू येतो, 'ओये बस'. समाजमाध्यमांवर काहींनी त्याचं 'शोएब बस' करून टाकलं. एका आवाजाचं चुकीचं लेबल, आणि अख्ख्या देशात बोट आमच्याकडे. शेवटी तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक झालेल्या 101 जणांची यादीच जाहीर करावी लागली आणि यात एकही मुसलमान नाही असं सांगावं लागलं. ते दिवस इथल्या मुसलमान घरांनी कसे काढले ते मला माहीत आहे. माझ्या वर्गातली मुलं तेव्हा तिसरी-चौथीत होती. शोएब नावाचा मुलगा प्रत्येक शाळेत असतो.

म्हणून मी त्या मुलीला एवढंच विचारलं, "तुझी कलाटणी शेवटच्या पाच सेकंदांत आहे. ती पाच सेकंद कुणी कापली तर काय उरतं?"

ती गप्प बसली. मग म्हणाली, "टोपीवाला आदमी, रात को, दरवाजे पे."

तेव्हा आम्ही स्वतःसाठी एक नियम केला. ट्रेलर तयार झाला की तो पंधरा-पंधरा सेकंदांवर कापून बघायचा. कुठलाही तुकडा एकटा फिरला तरी त्यातून कुणाबद्दल खोटं पसरता कामा नये. हिचकॉकला हा नियम लागला नसता. त्याच्या काळात ट्रेलर थिएटरच्या बाहेर पडत नव्हता.

ट्रेलरचं बोलणं कुणाच्या अंगावर?

'ट्रेलर झूठ बोल सकता है?' या प्रश्नाकडे आता येते. कायद्याचं उत्तर ऐकून मुलं चकित झाली.

औरंगाबादच्या एक शिक्षिका, म्हणजे माझ्याच पेशातल्या, 2016 मध्ये शाहरुखचा 'फॅन' बघायला कुटुंबासह गेल्या. जाहिरातीत 'जबरा फॅन' हे गाणं सारखं दाखवलं होतं. ते ऐकूनच मुलं हट्ट करून आली होती. चित्रपटात गाणंच नाही! मुलं रुसली, जेवली नाहीत. बाईंनी ग्राहक मंचात दाद मागितली. राज्य आयोगाने त्यांना 10 हजार रुपये भरपाई आणि 5 हजार खर्च मंजूर केला, राष्ट्रीय आयोगानेही तो कायम ठेवला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि 22 एप्रिल 2024 ला निकाल उलटला. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं, की ट्रेलर हा काही करार नाही, वचनही नाही. त्यात जे दिसलं ते चित्रपटात असेलच असा हक्क प्रेक्षकाला मिळत नाही. मला निकाल कळतो. कला आणि जाहिरात यांना थोडी मोकळीक हवीच. तरी त्या बाईंबद्दल मनात जरा हळहळ आहे.

गाण्याचं ठीक आहे. पण ट्रेलर जेव्हा एखाद्या समाजाबद्दल आकडा सांगतो तेव्हा? 'द केरला स्टोरी'चा टीझर नोव्हेंबर 2022 मध्ये आला, त्यात 32 हजार मुलींचा दावा होता. मे 2023 मध्ये चित्रपट आला तोवर यूट्यूबवरच्या ट्रेलरखालचा मजकूर बदलून तीन मुलींची गोष्ट असा झाला होता. 32 हजार म्हणा किंवा आणखी काही, या आकड्याला खात्रीलायक आधार नाही, अशी सूचना चित्रपटाला जोडायला 18 मे रोजी सुप्रीम कोर्टाने सांगितलं. पण आकडा तर सहा महिने फिरून आला होता. आजही लग्नकार्यात कुणीतरी तो आकडा सांगतं, सूचनेबद्दल मात्र त्याला ठाऊक नसतं.

'हमारे बारह'चं उलट झालं. जून 2024 मध्ये ट्रेलरवरूनच मामला मुंबई हायकोर्टात गेला. न्यायमूर्तींनी चित्रपट प्रत्यक्ष पाहिला. काही बदल करून घेतले आणि आता यात मुसलमानांविरुद्ध काही नाही, चित्रपट बाईच्या हक्काबद्दल आहे, असं म्हणत प्रदर्शनाला परवानगी दिली. मात्र प्रमाणपत्राआधीच ट्रेलर बाहेर काढला म्हणून निर्मात्यांना 5 लाख रुपये भरायला लावले. म्हणजे चित्रपट एक सांगत होता आणि त्याचा ट्रेलर दुसरंच काही विकत होता. मला यात आपल्या बाजूलाही थोडं बोलायचं आहे. ट्रेलर पाहून आपण जेवढ्या जोरात फॉरवर्ड केलं, रागाने का होईना, तेवढी त्याची फुकट जाहिरात झाली.

मग आम्ही काय केलं

टोपी गेली, सुरमा गेला (मुलाच्या डोळ्यांना आराम), अजान तर गेलीच. पठाणीऐवजी साधी लुंगी आणि अंगावर शाल. चेहरा दाखवायचाच नाही असं ठरलं. फक्त काठीचं टोक, चपला, टॉर्चचा झोत, भिंतीवर लांबलेली सावली. हे इशारे सगळ्यांच्या ओळखीचे आहेत, आणि सावलीला धर्म नसतो.

चेहरा न दाखवण्याचा आणखी एक फायदा झाला. घाबरणाऱ्या मुलीचं काम जिला दिलं होतं, तिच्या अब्बूंना तिने पडद्यावर येणं पसंत नव्हतं. आवाज आणि हात चालतील म्हणाले. मी आधी थोडी वैतागले. मग लक्षात आलं की थ्रिलरला हेच तर हवं असतं! कडी पकडलेला हात, चादर मुठीत आवळलेली बोटं, अंधारात तिचा श्वास. चेहरा असता तर आमच्या मुलीचा कच्चा अभिनय दिसला असता, हातांनी मात्र कमाल केली.

शूटिंग खऱ्या रात्री केलं नाही. एक तर मोबाईलला रात्री नुसतं काळं दिसतं. मगरिबनंतर वीसेक मिनिटं आकाशात निळसर उजेड राहतो, तेव्हा शूट करून ब्राइटनेस कमी केला की रात्र छान वाटते. दुसरं कारण मी मुलांना स्पष्ट सांगितलं: या तालुक्यात रात्री काठ्या आणि टॉर्च घेऊन पोरं फिरताना दिसली तर पुढे काय होईल ते मला बघायचं नाही. संध्याकाळच्या शूटिंगबद्दलही आधी पोलीस पाटलांना, मशिदीच्या जमातला आणि गल्लीतल्या प्रत्येक घराला कळवलं.

आवाज आमचेच. चिकूच्या वाडीत वाळक्या पानांवरून चालून पावलं रेकॉर्ड केली. पत्र्याच्या दारावर कडी. तो जड भोंगा वापरायचा नाही हे एकमताने ठरलं, त्याच्या जागी काय यावर दोन दिवस गेले. मी सुचवलं, मांडणीवरचे स्टीलचे पेले थरथरताना दाखवू. नोव्हेंबर 2018 पासून धुंदलवाडी, तलासरी पट्ट्यात भूकंपाचे धक्के बसत आले आहेत. जमिनीतून आधी गुडगुड आवाज येतो आणि मग भांडी वाजतात, हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. याहून अस्सल भीती कुठून आणणार? मला माझीच कल्पना फार आवडली होती. तलासरीकडून येणारी एक मुलगी म्हणाली, "नको टीचर. आमची नानी अजून दाराजवळच झोपते." पेले रद्द. त्याच्या जागी शांतता ठेवली, पूर्ण चार सेकंद. संकलन करणाऱ्या मुलाला वाटत होतं लोक म्हणतील आवाज गेला. मोठ्या मिनतवारीने तो तयार झाला. काइनमास्टरच्या फुकटच्या आवृत्तीत कोपऱ्यात कंपनीचं नाव येतं, तेही तसंच राहिलं.

शेवट मात्र बदलावा लागला. कलाटणी शेवटच्या पाच सेकंदांत न ठेवता तिच्या खुणा आधीपासून पेरल्या: सुरुवातीच्या घरगुती शॉटमध्येच ताटलीत खजूर, भिंतीवर वेळापत्रकाचा कागद, आईने रात्रीच मळून ठेवलेली कणीक. आपल्या माणसाला पहिल्या अर्ध्या मिनिटात कळेल, दुसऱ्याला दुसऱ्यांदा बघताना कळेल. दार उघडतं तेव्हा बाहेर कुणी नसतं, काठीचा आवाज पुढच्या घराकडे गेलेला असतो आणि गल्लीत एकामागून एक खिडक्यांत दिवे लागत जातात. मग नाव: 'तीन वाजता'. नाव गेल्यावर, जाता जाता चिमटा म्हणून, काळ्या पडद्यावर चाचांचा खणखणीत आवाज, "उठो भाई, सहरी का वक्त हो गया!" आणि त्यावर एका बाईचा वैतागलेला आवाज, "उठ गए, उठ गए!" तो आवाज माझा आहे.

कापून बघण्याची परीक्षाही घेतली. पंधरा सेकंदांवर कापलं तर एक कुटुंब जेवताना दिसतं. तीस सेकंदांवर काठी आणि अंधार. पंचेचाळीसवर कडी वाजते. मिनिटभरावर हात आणि श्वास. भीती आहे, पण ती कुणाची म्हणून दाखवता येईल असं काही सापडलं नाही. एकच शॉट अडकला: टॉर्चच्या झोतात शाल दिसते ती थोडी बुरख्यासारखी वाटते, असं एक जण म्हणाला. तो शॉट चांगला होता. काढला.

ती हुशार मुलगी अजूनही पूर्ण पटलेली नाही. तिचं म्हणणं, आपण टोपी काढली म्हणजे आपणही घाबरूनच काढली ना? टोपीवाला माणूस साधा माणूस म्हणून ट्रेलरमध्ये दिसणार कधी? याचं उत्तर माझ्याकडे अर्धंच होतं. मग तिनेच सुचवलं म्हणून पहिल्या शॉटमध्ये, जेवताना, मुलीच्या अब्बूंच्या डोक्यावर टोपी आली. ते डाळ वाढून घेतायत आणि मीठ कमी आहे म्हणून कुरकुर करतायत.

स्नेहसंमेलनात ट्रेलर दाखवला तेव्हा कडीच्या आवाजाला पालकांमधल्या दोघी-तिघी खरंच ओरडल्या. शेजारच्या शाळेतून आलेल्या मुलांना शेवट पहिल्या झटक्यात कळला नाही, आमच्या मुलांनी समजावल्यावर परत लावायला सांगितलं. पिक्चर कधी येणार असं मुख्याध्यापकांनीच विचारलं.

आमच्या गल्लीत खरोखर सहरीला उठवणाऱ्या चाचांना मुलांनी मोबाईलवर दाखवला. त्यांनी दोनदा पाहिला. म्हणाले, चांगला आहे, पण मी काठी आपटत नाही, कुत्री पिसाळतात. फक्त हाक मारतो.

मुलं आता काठीचा आवाज काढायचा का यावर भांडतायत.